नवी बॅरल: पहिली गोळी झाडण्याआधी

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या नेमबाजानं पुण्याच्या बालेवाडी रेंजवर वर्षानुवर्षं सराव केलेला. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्यूनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं होतं. या दोघांनी ज्या प्रकारांत नाव काढलं, त्यांची रायफल एकच: .२२ बोअरची. आज पुण्यातल्या कितीतरी घरांत आईवडील पोटाला चिमटा काढून मुलांसाठी ही रायफल घेतात. मी या मुलांना शिकवते, आणि नव्या रायफलींचे खोके उघडताना बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी असते.

खोकं उघडलं की मुलं हमखास म्हणतात, "ताई, नवीच तर आहे, साफ कशाला करायची? रेंजवर जाऊ या ना!" त्यांची घाई मला समजते. पण ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथे पोचणारी शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅम वजनाची, आणि तिला दिशा देणारी नळी, म्हणजे बॅरल, सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाची. त्या नळीत काय आहे हे न पाहता पहिली गोळी झाडणं मला मान्य नाही. इतक्या वर्षांत जे पदरात पडलं, ते इथे क्रमानं मांडते.

१. नवी बॅरल म्हणजे कोरी बॅरल नव्हे

कारखान्यातून निघालेल्या बॅरलमधून आधीच गोळ्या गेलेल्या असतात. उदाहरणार्थ, जर्मनीत कायद्यानुसार प्रत्येक बंदुकीची सरकारी प्रूफ हाउसमध्ये चाचणी होते. तिथे नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दाबाची काडतुसं झाडून बॅरल आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) तो दाब सोसतात का ते बघतात. बॅरलवर गरुड आणि त्याखाली 'एन' असा ठसा दिसला, तर ती धूरविरहित दारूच्या चाचणीतून उतरली आहे असं समजायचं. शेजारी सांबरशिंगाचं चिन्ह असलं तर ती चाचणी उल्म शहरात झाली. त्यानंतर उत्पादक स्वतः गोळ्या झाडून नेम तपासतात आणि बरेच जण तो चाचणीचा कागद खोक्यात घालून देतात.

म्हणजे रायफल आपल्या हातात येते तेव्हा तिच्यात जळक्या दारूची काजळी असू शकते. त्याच्याही आधीचे अवशेष असतात: नळी घासून गुळगुळीत करताना वापरलेल्या पेस्टचे कण, यंत्रावरची धातूची भुकटी आणि या सगळ्यावर गंज चढू नये म्हणून फासलेलं जाड तेल. विमान, गोदाम, कस्टम असा प्रवास होईपर्यंत ते तेल चिकट होतं आणि बारीक कण धरून ठेवतं. या मिश्रणावरून गोळी गेली की ते कण ती नळीभर घासत नेते. तेल जास्त असेल तर आणखी एक धोका असतो. ओल्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, काडतुसाचं कवच भिंतीला नीट धरत नाही आणि बोल्टवर मागे येणारा दाब वाढतो. पहिली सफाई म्हणूनच रेंजवर जाण्याच्या आधी करायची.

२. आधी क्रमांक, मग रिकामी असल्याची खात्री

सफाईचं सामान काढण्यापूर्वी बॅरलवरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक परवान्यातल्या नोंदीशी आणि बिलाशी ताडून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. बॅरल ही काही सायकलच्या सुट्या भागासारखी वस्तू नाही. एका अंकाची चूकसुद्धा पहिल्याच दिवशी लेखी कळवलेली बरी.

मग बोल्ट उघडा. चेंबर डोळ्यांनी बघा आणि उजेड पडत नसेल तर करंगळीनं चाचपा. बोल्ट काढून वेगळ्या टेबलावर ठेवा. ज्या खोलीत सफाई करायची, तिथे एकही काडतूस नको. स्पर्धेत चेंबरमध्ये भडक रंगाचा सुरक्षा-ध्वज घालण्याचा नियम आहे. तीच सवय घरीही ठेवा: रायफल हातावेगळी झाली की ध्वज आत. रायफल "रिकामी आहे" हे दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. ज्याच्या हातात रायफल, त्यानंच बघायचं. मी शिकवलेल्या मुलांनी नेमबाजी सोडली तरी ही एक सवय त्यांच्यासोबत राहावी, असं मला मनापासून वाटतं.

३. साफ करण्याआधी बघा

बहुतेक जण थेट चिंधी हातात घेतात. मी आधी बघायला लावते. बोल्ट काढलेला असताना मझलसमोर (नळीच्या पुढच्या तोंडासमोर) पांढरा कागद धरा, त्यावर विजेरीचा झोत टाका आणि ब्रीचकडून (नळीच्या मागच्या टोकाकडून) आत नजर लावा. गोल सर्पिल खाचा दिसतील. त्या खाचांना ग्रूव्ह म्हणतात आणि मधल्या उंचवट्यांना लँड. .२२ मध्ये हा पीळ साधारण १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरमध्ये एक फेरा पुरा करतो. ६५० मिलिमीटरच्या बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम दीड फेरा घेते. तिची स्थिरता त्या दीड फेऱ्यातच ठरते.

या पहिल्या नजरेत कुठे तेलाचा थर साचला आहे, कुठे काळसर पट्टा आहे, एखादा कण चमकतो आहे का, ते लक्षात ठेवा. बोअरस्कोप, म्हणजे नळीत जाणारा बारीक कॅमेरा, मिळाला तर फोटो काढून ठेवा. एकदा सफाई झाली की आधीची स्थिती पुन्हा दिसत नाही. खरोखरचा दोष निघाला तर विक्रेत्याशी बोलताना हे फोटोच उपयोगी पडतात.

४. सामान थोडं असावं, पण योग्य असावं

रायफल हलणार नाही असा स्टँड, एकसंध आणि प्लास्टिकचा लेप असलेला किंवा कार्बन फायबरचा रॉड, ब्रीचमध्ये बसणारं बोअर-गाइड, .२२ चा जॅग (रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा), चांगलं बोअर-सॉल्व्हंट, हलकं गन-ऑइल आणि चिंध्या. एवढं पुरे. तीन-चार तुकडे जोडून होणारा ॲल्युमिनियमचा स्वस्त रॉड नको. तो सांध्याशी वाकतो आणि त्याच्या मऊ धातूत कचकच रुतून बसते. मग तो रॉडच लँडच्या कडा घासत राहतो. स्टीलच्या तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, भांडी घासायची जाळी यांना नव्या बॅरलच्या जवळही येऊ देऊ नका.

चिंधीबद्दल थोडं सविस्तर सांगते. एनसीसीत किंवा पोलिसांत ज्यांनी रायफल साफ केली आहे, त्यांना पुलथ्रू आणि 'फोर बाय टू' चिंधी आठवत असेल. ते माप लष्करी बोअरचं. .२२ साठी साधारण अडीच सेंटिमीटरचा चौकोन बसतो. कापड जुनं, मऊ, सुती हवं. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडात खळ असते, म्हणून ते दोनदा धुऊन, उन्हात कडक वाळवूनच कापा. कापताना सुटलेले धागे झटकून टाका, कारण नळीत अडकलेला धागा ओलावा धरतो.

घरात काम करताना खिडक्या उघड्या ठेवा. सॉल्व्हंट पेट घेतं, त्यामुळे शेजारी गॅस, समई, उदबत्ती काही नको. हातात मोजे घाला. वापरलेल्या चिंध्यांवर शिसं असतं, त्या बंद पिशवीत टाका. काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यालाही हात लावू नका. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे पाळा.

५. जुने सल्ले आदरानं ऐका, पण काळ तपासून घ्या

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुण्यात सैन्यातून आणि अशा कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ, आणि त्यांच्याकडून मी बरंच शिकले. त्यांतले काही काका आवर्जून सांगतात, "नळीत उकळतं पाणी ओत, मगच तेल लाव." त्यांच्या काळात ते अगदी बरोबर होतं. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणाऱ्या मिश्रणात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड नावाचा क्षार उरे. हवेतला ओलावा ओढून तो एका रात्रीत गंज चढवी, आणि तेलात विरघळत नसल्यानं तो पाण्यानंच धुवावा लागे. आजच्या .२२ च्या स्पर्धेच्या काडतुसांत तसला प्रायमर नसतो. म्हणून आता नळीत पाणी ओतण्याचं कारण उरलेलं नाही. ओतलंच तर गंजाची भीती मात्र वाढते.

रॉकेलचंही तसंच. रॉकेल चिकट तेल सोडवतं हे खरं, पण ते गंजापासून राखण करत नाही. खोबरेल तेल तर मुळीच नको. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठतं, ते नळीतही गोठेल. अमोनिया असलेलं तांबं काढायचं सॉल्व्हंट तांब्याचा मुलामा असलेल्या मोठ्या बोअरच्या गोळ्यांसाठी असतं. .२२ ची गोळी उघड्या शिशाची आणि वरून मेणाचा लेप असलेली. तिथे त्या सॉल्व्हंटला कामच नाही.

६. ब्रीचकडून मझलकडे, एकाच दिशेनं

रायफल स्टँडमध्ये अशी ठेवा, की मझल किंचित खाली राहील. त्यामुळे सॉल्व्हंट पुढे वाहतं. मागे ट्रिगरमध्ये किंवा स्टॉकच्या लाकडात उतरत नाही. बोअर-गाइड बसवा. त्याच्यामुळे रॉड नळीच्या मधोमध राहतो आणि चेंबरच्या कडा वाचतात.

पहिल्या दोन चिंध्या कोरड्या घाला, म्हणजे साचलेलं तेल निघून येईल. मग सॉल्व्हंटनं भिजवलेली चिंधी. ती एका दमात, सावकाश पुढे सरकवा. रॉडची मूठ फिरती असेल तर रॉड आपोआप पिळाबरोबर वळेल. चिंधी मझलबाहेर आली की तिथेच काढून टाका आणि रिकामा रॉड हळू मागे घ्या. तीच मळकी चिंधी मागे ओढू नका. .२२ च्या रिमफायर प्रायमरमध्ये घर्षणासाठी बऱ्याचदा काचेची बारीक पूड मिसळलेली असते. चाचणीच्या गोळ्यांमुळे ती नव्या बॅरलमध्येही असू शकते. अशी चिंधी पुढेमागे घासणं म्हणजे नळीवर अपघर्षक फिरवणं.

सॉल्व्हंटला वेळ द्या. पाच-दहा मिनिटं थांबा, मग पुढची ओली चिंधी आणि त्यानंतर कोरड्या. ब्रशची गरज नव्या बॅरलला सहसा पडत नाही. पडलीच तर नायलॉनचा किंवा मऊ ब्राँझचा वापरा, आणि तोही मझलबाहेर पूर्ण निघाल्यावरच मागे घ्या. आत अर्ध्यावर दिशा बदलली की ब्रशच्या तारा उलट्या वळतात.

७. चिंधीचा रंग वाचायला शिका

टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी प्रत्येक चिंधी ओळीनं मांडायला लावते. नळीच्या आत काय आहे, हे त्या रांगेतून वाचता येतं.

पिवळट, तपकिरी आणि बुळबुळीत दिसलं तर ते साठवणीचं तेल. पहिल्या दोन चिंध्यांवर ते असणारच. गडद काळं म्हणजे चाचणीच्या गोळ्यांची काजळी. ते हळूहळू फिकट होत जातं. राखाडी आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागलं, तर ते पेस्टचे किंवा धातूचे कण. असे कण निघत असतील तर चिंधीमागे चिंधी घालत राहा, ब्रश लावू नका. चमकदार रुपेरी पापुद्रे म्हणजे शिसं. नव्या बॅरलमध्ये ते अगदी थोडं असावं. जास्त निघालं तर नळीत कुठे खरखरीत जागा आहे का, हे नीट तपासा. विटकरी लाल म्हणजे गंज, आणि नव्या बॅरलमध्ये तो कदापि खपवून घेऊ नका.

निळसर हिरवा रंग दिसला की मुलं घाबरतात. तो तांब्याचा. पण .२२ च्या गोळीत तांबं नसेल तर तो आला कुठून? बहुतेक वेळा पितळी जॅगमधून किंवा ब्राँझच्या ब्रशमधून. सॉल्व्हंट त्यांच्यातलं तांबं उतरवतं आणि चिंधी रंगते. जॅग पुसून, लेप असलेला किंवा प्लास्टिकचा जॅग लावून पुन्हा बघा. रंग गेला तर दोष सामानाचा होता, बॅरलचा नव्हे.

८. चेंबरच्या पुढची कडा आणि क्राउन

नळीच्या सर्व भागांत दोन जागा मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पहिली चेंबर संपून पीळ सुरू होतो ती. गोळी पहिल्यांदा इथेच खाचांत शिरते. काजळीचं कडक कडं कालांतरानं इथेच तयार होतं आणि चेंबर कापताना निघालेला धातूचा बारीक कीसही इथेच अडकून राहतो. एका विद्यार्थिनीच्या नव्याकोऱ्या रायफलमध्ये बोअरस्कोप घातला, तेव्हा या कडेवर केसाएवढी धातूची चमकती कपची दिसली. साधी चिंधी तिच्यावरून सरकून जात होती. सॉल्व्हंटमध्ये बुडवलेल्या, जरा घट्ट फेल्टनं दोनदा ढकलल्यावर ती निघाली. पुन्हा पाहिलं तर खालची कडा शाबूत होती. ती कपची तशीच ठेवून गोळ्या झाडल्या असत्या, तर प्रत्येक गोळीच्या अंगावर तिथूनच ओरखडा उमटला असता.

दुसरी जागा क्राउन, म्हणजे मझलची आतली कडा. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू सगळ्या बाजूंनी सारखा सुटायला हवा. कडेवर एका बाजूला बारीक कुसळ उरलं असेल, तर वायू तिरका सुटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. तपासायची पद्धत सोपी आहे. कानात घालायची कापसाची काडी आत सरकवा आणि कडेला टेकवून सगळीकडून हळूच बाहेर ओढा. कुसळ असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकेल. असं काही सापडलं तर स्वतः घासायला जाऊ नका. शस्त्राची दुरुस्ती करायला कायद्यानं परवाना लागतो. ते काम परवानाधारक कारागिराचंच आहे.

९. मळ जागा सोडतो, धातूची खूण सोडत नाही

हल्ली मोबाइलला जोडता येणारे बोअरस्कोप सहज मिळतात. त्यांच्यातून नळी इतकी मोठी दिसते, की बारीकशी रेघही दरीसारखी वाटते. अनेक पालक मला घाबरून फोटो पाठवतात: "बॅरल खराब दिली का हो?" त्यांना मी एकच कसोटी सांगते. जे दिसतं आहे, त्याचा फोटो घ्या. पुन्हा सॉल्व्हंट, पुन्हा कोरड्या चिंध्या आणि त्याच जागेचा पुन्हा फोटो. डाग फिकट झाला, सरकला, तुटला, तर तो मळ होता. जसाच्या तसा राहिला, तर ती धातूवरची खूण आहे.

खूण आहे म्हणजे दोष आहे, असंही नव्हे. बॅरल कापताना हत्यारानं उमटवलेल्या आडव्या बारीक रेघा उत्तम बॅरलमध्येही दिसतात. गोळीच्या मार्गाला समांतर रेघ सहसा निरुपद्रवी. आडवी, खोल, शिसं खरवडून धरणारी रेघ मात्र तपासायला हवी. तिची परीक्षा टार्गेटवरच होते. रायफल स्टँडवर पक्की बसवून, एकाच प्रकारच्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे गट झाडा आणि खोक्यातल्या चाचणीच्या कागदाशी ताडून बघा. एका मुलाच्या बॅरलमध्ये मध्यावर अशी रेघ होती. वडील परत करायला निघाले होते. गट मारून पाहिला, तर सगळी भोकं एकमेकांत मिसळलेली. ती बॅरल आजही त्याच्याकडे आहे आणि उत्तम चालते. डोळ्याला सुंदर दिसणारी बॅरल नेमाची असेलच असं नाही. निर्णय घ्यायचा तो कागदावरच्या भोकांवरून.

चिंधी ढकलताना हाताला काय जाणवतं, तेही लक्षात ठेवा. पूर्ण लांबीभर रोध सारखा असावा. मझलकडे किंचित आवळलेलं लागलं तर घाबरू नका, काही उत्पादक मुद्दाम तसं ठेवतात. मध्येच अचानक सैल आणि मग घट्ट लागत असेल, तर त्या जागी पुन्हा कॅमेरा न्या.

१०. कुठे थांबायचं, हेही शिका

चिंधी दुधासारखी पांढरी होईपर्यंत घासत बसणारे लोक मी पाहिले आहेत. सॉल्व्हंटची चिंधी स्वच्छ पोलादावरूनही किंचित करडी येऊ शकते. लागोपाठच्या दोन-तीन चिंध्या सारख्याच फिकट दिसल्या, कचकच नाही आणि कॅमेऱ्यात कडा स्वच्छ दिसल्या, की थांबा. वाईट सफाईनं बिघडलेल्या बॅरल गोळ्यांनी झिजलेल्या बॅरलपेक्षा जास्त असतात, असं जुने नेमबाज सांगतात. माझा अनुभवही तोच आहे.

लखलखीत नळीतून पहिल्या काही गोळ्या एका जागी पडत नाहीत. यात बिघाड काही नाही. .२२ च्या गोळीवरच्या मेणाचा पातळ, सारखा थर नळीत बसला की गट आवळतो. नवा लोखंडी तवा घासून त्याचं यंत्रतेल काढतो, मग तेल लावून तापवतो आणि पहिली भाकरी बाजूला ठेवतो, तसंच हे आहे. साधारण दहा-वीस गोळ्या याला द्या. स्पर्धेत सुरुवातीला साइटिंगसाठी १५ मिनिटं मिळतात, त्यात हे बसतं. पण स्पर्धेच्या आदल्या रात्री खोल सफाई करू नका. काडतुसाचा ब्रँड बदलला तर मेणही बदलतं. तेव्हा मधे एकदा ओली आणि कोरडी चिंधी फिरवून मगच नवा गट मारा.

११. पुण्याचा पावसाळा विसरू नका

परदेशी पुस्तिकेतले सल्ले कोरड्या, थंड हवेतले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते. बालेवाडीजवळून मुळा वाहते, आणि तिथल्या पावसाळी सकाळी लोखंडाला घाम फुटतो. वातानुकूलित खोलीतली थंड रायफल तशीच दमट हवेत उघडली, की नळीच्या आतही दव धरतं. बंद पेटी अर्धा तास रेंजवर ठेवा, मग उघडा.

सराव संपल्यावर नळीत अगदी हलक्या तेलाची एक चिंधी आणि दुसऱ्या दिवशी झाडण्याआधी दोन कोरड्या चिंध्या, चेंबर धरून. फोमची पेटी प्रवासासाठी चांगली, साठवणीसाठी वाईट, कारण फोम ओलावा धरून ठेवतो. कुलपाच्या कपाटात सिलिका जेल ठेवा, ते वेळच्या वेळी सुकवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नळीत नजर टाका. नवी बॅरल पहिल्याच पावसाळ्यात गंजली, तर पुढे कितीही सफाई केली तरी ते खड्डे भरून निघत नाहीत.

१२. एअर रायफलचा न्याय वेगळा

पुण्यातली बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफलनं सुरुवात करतात. तिथे दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. पण वर लिहिलेलं सगळं तिला लावू नका. तिच्यात दारू जळत नाही, म्हणून काजळी नाही. मात्र हवेच्या दाबाच्या यंत्रणेत रबरी सील असतात आणि सॉल्व्हंट त्यांना फुगवतं. दाबाखालच्या हवेत खनिज तेल जाणंही धोक्याचं. नव्या एअर रायफलमधलं साठवणीचं तेल ४.५ मिलिमीटरच्या कोरड्या फेल्टनं, ब्रीचकडून आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलं तेवढंच काढा. ब्रश वापरू नका. मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण .२२ वाल्या दादांचं बघून ती सॉल्व्हंटची बाटली उचलतात.

१३. बॅरलची वही घाला

पहिल्या दिवशीच एक वही घ्या. पहिल्या पानावर बॅरलचा क्रमांक, आणल्याची तारीख, प्रूफचे ठसे. दुसऱ्या पानावर पहिल्या सफाईतल्या चिंध्यांचे आणि चेंबरच्या कडेचे फोटो. मग चाचणीच्या कागदाची प्रत आणि स्वतःच्या पहिल्या गटाचा कागद. पुढे किती गोळ्या झाडल्या, कधी साफ केली, काय निघालं, गट कसा पडला याची नोंद ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी गट पसरू लागला की सगळे आधी नेमबाजाला, मग काडतुसांना दोष देतात. वही असेल तर पहिल्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवून चेंबरच्या कडेवर कडं तयार झालंय का, ते तिथल्या तिथे कळतं. तुलना करायला पहिला दिवस हाताशी नसेल, तर उरतो नुसता अंदाज.

माझ्या मते नव्या बॅरलची पहिली सफाई ही तिची पहिली तपासणी आहे. मळ काढणं हा त्यातला अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे आपल्या हातातली वस्तू नेमकी कशी आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी जाणून घेणं. त्यासाठी एक दुपार लागते आणि खर्च नगण्य येतो. ज्या पालकांनी मुलांसाठी रायफल घेतली आहे, त्यांना माझी विनंती आहे: ही सफाई दुकानदारावर किंवा प्रशिक्षकावर सोपवू नका. मुलाला शेजारी बसवा, रॉड त्याच्या हातात द्या, आणि पहिल्या चिंधीवर काय आलं ते त्यालाच वहीत लिहू द्या.